मदत हवी आहे : उतारावरची दगडी भिंत आणि पायऱ्या

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरामागची जागा साधारण 25 फुटांत 10 फूट चढते. तेथे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा (ठोकळ्यांचा), सिमेंट न वापरता रचलेला गडगा, म्हणजे माती अडवणारी भिंत आहे. गेल्या पावसाळ्यात तो मध्यभागी फुगून पुढे आला. माती लाल आणि चिकट असल्यामुळे पाणी धरून ठेवते, आणि माझ्या मते खरा दाब तिच्यात साचलेल्या पाण्याचाच आहे. वरच्या अंगाला पाणी वळवण्यासाठी चर खणला, उतारावर वाळ्याचे गवत लावले. त्यामुळे धूप थांबली, फुगवटा मात्र वाढतच राहिला.

आता गडगा उतरवून, सलग उंच भिंतीऐवजी पाच-पाच फुटांचे दोन टप्पे बांधावेत, प्रत्येक भिंतीमागे खडीचा थर भरावा आणि पाणी निघून जाण्यासाठी तळाशी भोके ठेवावीत, असा विचार आहे. पायाला काळा दगड, वर चिराच. वाट अरुंद असल्याने जेसीबी आत येत नाही. सर्व काम हातानेच आणि जूनपूर्वी व्हायला हवे.

वरच्या भिंतीचा भार खालच्या भिंतीवर येऊ नये, यासाठी दोन टप्प्यांमध्ये किमान किती अंतर ठेवावे? आणि मधून चढणाऱ्या दगडी पायऱ्या भिंतीत गुंफून घ्याव्यात, की वेगळा पाया घेऊन स्वतंत्र बांधाव्यात?