रविवार विसाव्याचा ठेवायचाय, पण जमेना

सिडकोकर:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला अंबडच्या कंपनीत, बायको शाळेत. सकाळची उपासना आटोपली की चर्चमधून थेट मॉल, मग किराणा, पोरांचे बूट, येताना कॉलेज रोडला खाणं. संध्याकाळी सोफ्यावर पडून मोबाइलवर सेल बघायचा. सोमवारी कामावर जातो तो दमूनच. पाळकसाहेब विसाव्याच्या दिवसावर बोलले, पटलंही. पण दोघं नोकरी करणारे, दोन पोरं, यात नेमकं बंद काय करायचं? उपदेश नको, तुमच्या घरात कसं चालतं ते सांगा.

शरणपूरची मावशी:
बाळा, आधी बायकोला विचार. तू दमतोस हे कळलं, तिचं काय ते लिहिलंच नाहीस. बायबलातलं अनुवाद ५ उघड. विसाव्याच्या दिवसाच्या आज्ञेत तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीतला परका, सगळे मोजलेत. कारणही दिलंय: मिसरात तू गुलाम होतास ते आठव. तू सोफ्यावर आणि ती ओट्याशी, ही नुसती तुझी सुट्टी झाली. आणि घरी स्वयंपाक नको म्हणून बिर्याणी मागवलीस, तर दारात हेल्मेटही न काढता ओटीपी विचारणारा पोरगा त्याच यादीतला. माझ्या सुनेला हे ऐकायला आवडत नाही, पण मी बोलायची थांबत नाही.

आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी घरातले सगळे हात लावतात. दशम्या होतात, दही विरजतं, युनिफॉर्मला इस्त्री होते. नातू चटणीचे शेंगदाणे सोलतो, म्हणजे निम्मे खातो. बायबलात निर्गम १६ मध्ये सहाव्या दिवशी मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, दुप्पट गोळा करायचा होता, तसंच. रविवारी गॅस पेटतो तो चहापुरता. औषध सोडून काही विकत आणायचं नाही. खरेदीची ॲप मुलगा शनिवारी रात्रीच काढून टाकतो. सोमवारपर्यंत हौस टिकली तर घे म्हणते. बहुतेक वेळा टिकत नाही.

मी दवाखान्यात सिस्टर होते, रविवारची ड्युटी लागायचीच. पेशंटला सोमवारी ये म्हणता येतं का? प्रभू येशूनेही शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला. मग ज्या वारी ऑफ मिळेल तो दिवस मी तसाच पाळायची.

निफाडचा बागायतदार:
आम्ही ख्रिस्ती नाही, पण विषय जवळचा वाटला. मावशी, द्राक्षाच्या छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी रोग रविवार बघत नाही, फवारणीला पळावंच लागतं. माझे वडील सोमवारी बैल जुंपत नसत, कितीही काम अडू दे. आता ट्रॅक्टर आला, त्याला ना सोमवार ना पोळा, आणि त्याच्यामागे मलाही नाही. बाकी रविवार काही आयता मिळालेला नाही हं. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे आणि मुंबईचे गिरणी कामगार भांडले तेव्हा १० जून १८९० पासून तो सुट्टीचा झाला. त्याआधी गिरणीत आठवड्याचे सातही दिवस भोंगा.

ठाण्याची लेक:
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. आमचा शब्बाथ शनिवारी. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घरी शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आई दिवे लावते. तिथून शनिवारी तारे दिसेपर्यंत पैशाचा व्यवहार नाही. किद्दुशला, म्हणजे शब्बाथाच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला, काळ्या मनुका भिजवून, कुस्करून गाळलेलं सरबत असतं. मनुका बहुधा तुमच्या नाशिककडच्याच. माझं ऐकाल तर वेळ ठरवून टाका. जमेल तेव्हा विश्रांती म्हटलं की ती कधीच जमत नाही. आणि सुरुवात आदल्या संध्याकाळी करा, म्हणजे आधी झोप पदरात पडते.

सिडकोकर:
बायकोला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, मावशींना नमस्कार सांग आणि किराणा शनिवारी तू एकटा आण. आमची कंपनी शनिवारीही बंद असते, त्यामुळे पळवाट नाही! मावशी, दशम्या दुसऱ्या दिवशी चिवट होऊ नयेत म्हणून काय करता?

शरणपूरची मावशी:
कणीक पाण्यात नको, दुधात भिजव, थोडं तेलाचं मोहन घाल. पार गार झाल्यावरच डब्यात भर, नाहीतर घाम सुटतो. आणि गुळाच्या करू नकोस, पोरं शनिवारीच फस्त करतील.