वारली चित्रांच्या फिरत्या प्रदर्शनाची पर्यावरणस्नेही मांडणी: कृत्रिम बुद्धिमत्ता कुठे वापरावी?

प्रश्न

नमस्कार. डहाणू-तलासरी भागातील वारली चित्रकारांच्या कामाचे एक फिरते प्रदर्शन मी उभारत आहे. ते तीन शहरांत पाठोपाठ मांडले जाईल. अशा प्रदर्शनांनंतर फ्लेक्स, थर्माकोल आणि एकदाच वापरलेले प्लायवूड यांचा जो ढीग कचऱ्यात जातो, तो टाळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. लग्नातील चौक (भिंतीवरचे विधिचित्र) आणि तारपा या फुंकवाद्याच्या तालावरील नाचाचे वेटोळे यांवरून दालनाची रचना सुचली आहे. यात कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने नेमकी कोणत्या कामी येतील? मोकळ्या भिंतींवरची पार्श्वचित्रेही त्यांच्याकडूनच करून घ्यावीत, असा आयोजकांचा आग्रह आहे. मला तो पटत नाही, परंतु मुद्देसूद उत्तरही देता आलेले नाही.

प्रतिसाद १

पार्श्वचित्रांबाबत आपली शंका रास्त आहे. ही साधने आंतरजालावरील चित्रांवरून शिकतात आणि तेथे ‘वारली’ या नावाखाली कप, पिशव्या आणि पडदे यांवरची नक्षी फार मोठ्या प्रमाणात आढळते. त्यामुळे त्यांना दोन त्रिकोणांचा माणूस काढता येतो, पण चौक हा लग्नविधीचा भाग आहे, तो सवासिनी लिहितात (म्हणजे रंगवतात), त्यात पालघाट देवी असते आणि धवलेरीच्या (लग्न लावणाऱ्या स्त्री पुरोहिताच्या) गाण्यांशिवाय तो विधी पुरा होत नाही, हे संदर्भ त्या चित्रात उतरत नाहीत. मग देवी कुठल्याही रिकाम्या कोपऱ्यात शोभेसाठी येऊन बसते, आणि ते पाहणाऱ्या वारली कुटुंबाला काय वाटेल याचा विचार आयोजकांनी अवश्य करावा. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांनी मासेमारीचे जाळे बारीक रेघांनी विणत नेले. ती रेघ पाहण्यातून आणि हाताच्या सरावातून आलेली आहे. भिंत मोकळी असेल तर ती चित्रकाराला मानधन देऊन लिहायला द्यावी. कलाकाराचे काम काढून घेणाऱ्या मांडणीला मी तरी शाश्वत म्हणणार नाही.

प्रतिसाद २

मी बांबू आणि मातीच्या बांधकामात काम करतो. संगणकाची खरी मदत मला साहित्याच्या हिशेबात दिसते. ८ × ४ फुटांच्या तक्त्यावर सर्व तुकडे कमीत कमी कातरण उरेल असे बसवणे, तिन्ही सभागृहांची मापे एकत्र घेऊन सगळीकडे चालतील अशा मोजक्या चौकटी ठरवणे आणि एका ट्रकमध्ये त्या मावतील का ते पाहणे, ही कामे यंत्र उत्तम करते. यातील बरेचसे गणित कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या लाटेपेक्षा जुने आहे, म्हणून त्यासाठी महागडे साधन घेण्याची गरज नाही.

बांबूची गोष्ट निराळी आहे, कारण एकही काठी दुसरीसारखी नसते. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात हुक पार्क येथे २०१६ च्या सुमारास एक गोदाम उभे राहिले. त्यासाठी झाडांच्या नैसर्गिक बेचक्यांचे त्रिमितीय स्कॅन घेऊन कोणती बेचकी कमानीत कुठे बसेल हे संगणकाने ठरवले. त्याच धर्तीवर प्रत्येक काठीची लांबी, जाडी आणि बाक यांची नोंद केली, तर वाकडी काठी फेकून न देता तिला योग्य जागा देता येईल. काठ्यांवर बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया मात्र आधी करून घ्यावी, नाहीतर दुसऱ्या शहरापर्यंत भुंगा लागलेला असेल. जोड खिळ्यांऐवजी दोरीचे ठेवल्यास सुटे करणे सोपे जाते.

भिंतींसाठी कारवीचा कूड (कारवीच्या काठ्यांची भिंत), त्यावर माती-शेणाचा लेप आणि गेरू हेच सर्वांत योग्य, कारण वारली घराची भिंत अशीच असते. लेप प्रत्येक ठिकाणी नव्याने द्यावा आणि माती भिजवून पुन्हा वापरावी. ओला कूड पूर्ण वाळेपर्यंत कागदावरची चित्रे त्या दालनात आणू नयेत, अन्यथा बुरशी धरेल.

प्रतिसाद ३

तारप्याच्या वेटोळ्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. मध्यभागी पोचलेला प्रेक्षक त्याच वाटेने परत फिरला की येणाऱ्यांशी त्याची गाठ पडते आणि आणीबाणीत हे धोक्याचे ठरते. प्रेक्षकांच्या हालचालीचे आभासी प्रतिरूप (सिम्युलेशन) संगणकावर करून पाहावे. त्यात संथ चालणारे वृद्ध, मुलांचे गट आणि चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती असाव्यात, आणि खुर्ची वळवायला किमान १.५ मीटर जागा धरावी. माझ्या मते केंद्रातून बाहेर पडणारी दुसरी वाट काढणे हाच मार्ग आहे, आणि तो नाचाशी सुसंगतही आहे, कारण तारपा वाजवणाऱ्याच्या मागे नाचणाऱ्यांची साखळी गुंडाळते तशी उलगडतेही. कागद आणि कापडावरील कामे फिकी पडू नयेत म्हणून प्रकाश मंद, ५० लक्सच्या आसपास ठेवावा. त्यामुळे विजेचीही बचत होईल.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही आभार. आयोजकांनी आता नवा पर्याय सुचवला आहे: चित्रकारांच्या संमतीने त्यांचीच चित्रे देऊन कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक छोटे प्रतिमान (मॉडेल) शिकवावे आणि त्यावरून मुलांसाठी एक संवादी पडदा करावा. हे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १

ठरू शकेल, मात्र करार नीट हवा. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याने शैलीच्या नकलेला आपोआप आळा बसत नाही. स्वामित्वहक्क हा ज्या त्या चित्रकाराच्या त्या त्या चित्रापुरता असतो. म्हणून संमती मराठीत, वाचून दाखवून आणि प्रत्येकाकडून स्वतंत्र घ्यावी. वापर या प्रदर्शनापुरता व ठरावीक मुदतीचा असावा, मानधन चित्रांच्या विक्रीपेक्षा वेगळे द्यावे आणि मुदत संपताच प्रतिमान पुसून टाकण्याची अट लिहून घ्यावी. चौकाची चित्रे त्यात घ्यायची की नाही, हे तो लिहिणाऱ्या सवासिनींना आणि धवलेरींना विचारूनच ठरवावे, आणि त्या नको म्हणाल्या तर तो विषय तिथेच थांबवावा.