मदत हवी आहे : दुधीच्या बिया मायक्रोस्कोपखाली नुसत्या काळ्या ठिपक्यासारख्या दिसतात

सीवूड्सकर
आधीच सांगतो, दुधी म्हणजे भोपळा नव्हे. मागे एकदा असंच विचारलं होतं तर दोघांनी कोफ्त्यांची कृती दिली होती. ही रानटी दुधी, काहीजण नायटी म्हणतात. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकच्या फटीफटीतून आलीय. देठ मोडला की पांढरा चीक, पानं समोरासमोर, आणि पानांच्या बेचक्यात हिरवट-तांबूस बारीक फुलांचे गोंडे.

लेक आठवीत आहे. शाळेत बीजप्रसारावर प्रकल्प आहे. वर्गातल्या सगळ्यांनी रुईच्या म्हाताऱ्या नाहीतर आघाडा घेतला. मीच शहाणपणा करून म्हटलं, आपण दुधी घेऊ, खालीच तर आहे. आता अडकलोय.

पहिली अडचण अशी, की फांद्या रात्री ताटलीत ठेवल्या आणि सकाळी बोंडं गायब. ताटलीत चार-पाच बिया, बाकीच्या कुठे गेल्या देव जाणे. दुसरी अडचण, ज्या मिळाल्या त्या लेकीच्या मायक्रोस्कोपखाली ठेवल्या तर कडेने उजेड आणि मध्ये काळा गोळा. १०० पट, ४०० पट, सगळं करून पाहिलं. जितकं मोठं करावं तितकं जास्त काळं.

तिसरं म्हणजे बिया दोन तऱ्हेच्या वाटतात, काही तांबूस, काही राखाडी. कच्च्या-पक्क्या असतील का? सोमवारी वही द्यायचीय.

चहा_कमी_साखर
+१. वाशीला स्टेशनबाहेर हीच बघतो रोज. उत्तराच्या प्रतीक्षेत.

भिंगवाला_ठाणे
दादा, मायक्रोस्कोप बिघडलेला नाही. त्याचा उजेड खालून येतो. कांद्याचा पापुद्रा पातळ, त्यातून उजेड आरपार जातो म्हणून तो दिसतो. बी जाड आहे, तिची नुसती सावलीच दिसणार. खालचा आरसा किंवा दिवा बंद करा. काचपट्टीवर पांढरा कागद, त्यावर बी, आणि मोबाईलचा टॉर्च बाजूने, अगदी तिरका धरा. संध्याकाळच्या उन्हात रस्त्यावरचे खड्डे कसे उठून दिसतात (घोडबंदर रोडवाल्यांना वेगळं सांगायला नको), तशा बीच्या पृष्ठभागावरच्या वळ्या दिसतील.

४०० पट विसरा. सगळ्यात छोटी लेन्स, ४ ची, आणि डोळ्याकडची १० ची, म्हणजे ४० पट. तेवढं पुरतं. सोनाराकडचं १० पट भिंग मिळालं तरी निम्मं काम होतं.

बी घरंगळत असेल तर दुहेरी चिकटपट्टीवर बसवा. एक आडवी ठेवा आणि एक उभी, टोक वर करून. उभ्या बीवरून किती कडा आहेत ते कळतं, आडवीवरून पृष्ठभाग. आणि ब्रश कोरडाच वापरा. या गटातल्या बऱ्याच जातींच्या बिया ओल्या झाल्या की सब्जासारखा बुळबुळीत थर धरतात, मग काहीच धड दिसत नाही.

पानफूल
बोंडं गायब झाली कारण ती फुटली. त्या बोंडात तीन कप्पे असतात, प्रत्येकात एक बी. वाळताना भिंती ताणल्या जातात आणि फटकन तडकून बिया उडतात. तुमच्या लेकीचा प्रकल्प बीजप्रसारावर आहे ना? मग तुमची हरवलेली बी हाच तिचा प्रयोग! फांदी मोठ्या कागदी पाकिटात घालून तोंड बंद करा, दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो आणि बुरशी येते.

आणि एक बारीक दुरुस्ती. ते ‘फूल’ एक फूल नाही. एक पेला असतो. त्यात मधोमध एक मादीफूल आणि भोवती काही नरफुलं, एकेका नरफुलात एकच पुंकेसर. ते मादीफूल पुढे देठावर पेल्याबाहेर लोंबतं आणि त्याचंच बोंड होतं. भिंग आहेच तर हेही बघून घ्या, बीपेक्षा हेच जास्त देखणं आहे असं माझं मत.

हिरवी_मिरची
एरंड याच कुळातला. एरंडाच्या बीला टोकाशी पांढरं बोंडुकं असतं, मुंग्या त्यासाठी बी ओढून नेतात. तसं दिसलं का?

पानफूल
@हिरवी_मिरची, एरंडाचं बरोबर. पण जमिनीलगतच्या या छोट्या दुधींच्या बीला ते नसतं. दिसलं तर समजा दुसरंच काही उचललंय.

तांबूस-राखाडीबद्दल : मला वाटतं तुम्ही दोन झाडं एकत्र केलीत. एक तिरकी उभी वाढते, खोडावर पिवळसर केस, पानं जरा मोठी आणि दातेरी, बऱ्याचदा मध्ये जांभळट डाग. ती युफोर्बिया हिर्टा, मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची, पण आता आपल्या गल्लीचीच. दुसरी जमिनीला चिकटून पसरते, पानं इवलीशी. पुन्हा खाली जाऊन बघा. बोंडावरचे केस भिंगाने तपासा, सगळीकडे आहेत की फक्त तीन कडांवर?

काकू_बेलापूर
चीक डोळ्याला लागू देऊ नका हो. लहानपणी आजी चामखिळीवर लावायची, पण डोळ्यात गेला तर फार आग होते. मुलीला हातमोजे द्या, नाहीतर साबणाने हात धुवायला लावा.

सीवूड्सकर
काकू, सूचना थोडी उशिरा आली 😅 काल बायकोने बोट डोळ्याला लावलं होतं. नळाखाली बराच वेळ डोळा धुतला, आता बरी आहे. पण प्रकल्पाचं नाव घरात काढायची सोय नाही.

आजचा अहवाल. टॉर्चची युक्ती लागू पडली. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर बी ठेवली, लेकीने टॉर्च धरला, मी डोळा लावला आणि आपोआप ‘अरे!’ निघालं. तांबूस बी विटेच्या रंगाची, लांबट, एका टोकाला निमुळती, आणि चक्क चार कडांची! उभी केली तर लहानपणीच्या चौकोनी पेन्सिलीसारखी. कडांच्या मधे किंचित सुरकुत्या. मोजण्यासाठी ग्राफ पेपरवर दहा बिया शेपटाला डोकं लावून ओळीत ठेवल्या, ८ मिलिमीटर भरले, म्हणजे एक बी साधारण ०.८. खसखशीपेक्षा अंमळ लहान. (त्यात एक शिंक आली. पुन्हा दहा जमवायला वीस मिनिटं.)

राखाडी बी पण चार कडांचीच, पण तिच्या प्रत्येक बाजूला आडव्या धारदार वळ्या आहेत. लेकीने सहा मोजल्या, मी पाच. खाली जाऊन पाहिलं, पानफूलताईंचं बरोबर निघालं. ही सपाट पसरलेली, आणि बोंडावर केस फक्त तीन कडांवर, मधे गुळगुळीत. विटकरी बीवाल्या बोंडावर मात्र सगळीकडे बारीक, चिकटून बसलेले केस.

पानफूल
मग दुसरी युफोर्बिया प्रोस्ट्राटा. कडांवरचे केस आणि बीवरच्या आडव्या वळ्या, दोन्ही जुळतात. सपाट पसरणारी आणखी एक असते, लहान दुधी, युफोर्बिया थायमिफोलिया. पण तिच्या बोंडावर सगळीकडे केस असतात आणि बोंड पेल्याबाहेर नीट येतच नाही, म्हणून ती नाही. वहीत दोन्ही बिया शेजारी शेजारी काढायला सांगा, फोटो नको. चित्र काढताना डोळा वळ्या मोजतो.

भिंगवाला_ठाणे
पाच की सहा यावर भांडू नका, बीगणिक एखादी इकडेतिकडे होतेच. पाच-सहा बियांवर मोजा आणि सगळे आकडे लिहा. आणि बी किती लांब उडते तेही मोजता येईल. जमिनीवर जुनी पांढरी चादर अंथरा, मधोमध फांदी, पंखा बंद.

सीवूड्सकर
चादर मागायला गेलो होतो. डोळ्याचं प्रकरण ताजं असल्यामुळे परवानगी नाकारली गेली. वर्तमानपत्रं जोडून काम चालवतोय. उद्या सकाळी माळीकाका पार्किंग साफ करणार आहेत, त्यांना उत्तरेकडचा कोपरा सोमवारपर्यंत सोडा म्हणून सांगून आलो. ते म्हणाले, “साहेब, लोक गुलाब सोडायला सांगतात.”