व्हाइट फीकल सुरू झालंय, हर्बल कॅन घेऊ का?

खाजणातला (सफाळे)

मंडळी, नमस्कार. सफाळ्याजवळ अर्ध्या हेक्टरचे दोन तलाव, व्हॅनामी कोळंबीचे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चौरस मीटरला ३५ च्या हिशेबानं बी, म्हणजे पिल्लं, सोडलं. आज ५२ वा दिवस. चाळिशीपर्यंत सगळं झकास होतं. मग चेक ट्रेमध्ये (कोळंबी किती खाते ते बघायच्या ताटात) खाद्य उरायला लागलं आणि परवा सकाळी वाऱ्याच्या कोपऱ्यात कोळंबीच्या विष्ठेचे पांढरे दोरे तरंगताना दिसले, तेच व्हाइट फीकल. जाळं मारलं तर सरासरी ५ ग्रॅम. त्यातही एक कोळंबी बोटाएवढी, तर शेजारची काडेपेटीतल्या काडीएवढी. मरतूक म्हणावी तशी नाही.

खाद्यवाल्याबरोबर एक जण हर्बल कॅन दाखवून गेला. लसूण, हळद, भुईआवळा, कडुनिंब आणि आणखी सात वनस्पती, ज्यांची नावं तो सांगत नाही. १,८०० रुपये लिटर, किलो खाद्याला १० मिली. मला एका तलावाला दिवसाला ३२ किलो खाद्य लागतं. म्हणजे ३२० मिली, पावणेसहाशे रुपये. दोन तलावांचे रोज साडेअकराशे, आणि खाद्य वाढलं की तेही वाढणार. व्हाइट स्पॉटचा विषाणू, ईएचपी हा परजीवी, व्हिब्रिओ जिवाणू, सगळ्या रोगांवर चालतं म्हणे. बाबा म्हणतात, त्यापेक्षा घरचा लसूण वाटून घाल. आई म्हणते, कडुनिंब तर दारातच आहे.

कोणी वापरलंय का? खरं सांगा.

पेणचा म्हातारा

आईला सांग, कडुनिंब दारातच राहू दे. आपण भातावर निंबोळी अर्क का मारतो? किडीला नीट कात टाकता येत नाही म्हणून. कोळंबी कात टाकूनच वाढते, किड्यांचीच लांबची भावंडं ती. माणसाला जे औषध ते तिलाही औषध, असं धरून चालू नकोस.

आता लसूण. मी १९९५ साली टायगर कोळंबीचे दोन तलाव आठ दिवसांत घालवलेत. तेव्हा व्हाइट स्पॉट हा शब्दही आमच्या गावात कोणाला ठाऊक नव्हता. त्यानंतर जो जे सांगेल ते मी तलावात ओतलं. २०१४ ला व्हॅनामीचे तीन तलाव होते. एक आणि दोन नंबरला किलोमागे १० ग्रॅम लसूण, तीन नंबरला काही नाही. तीन नंबर ४५ व्या दिवशी व्हाइट स्पॉटनं बसला, बाकी दोन उभे राहिले. मी गावभर लसणाचा प्रचार केला. दोघांनी तर माझ्याकडूनच पोतं नेलं.

पुढच्या पिकाला तिन्ही तलावांना लसूण घातला. पुन्हा तीन नंबरच बसला. मग उन्हात तलाव सुकवताना गडी ओरडला, शेठ इकडे या. बांधाला खाडीच्या अंगानं चिंबोऱ्यांनी बिळं पाडली होती, हात घालावा एवढी. उधाणाला त्या खाडीतून येत होत्या आणि व्हाइट स्पॉट पाठीवर घेऊन येत होत्या. एक आणि दोन नंबर आतल्या बाजूला, म्हणून वाचले होते. लसणानं नव्हे, जागेनं. त्या साली मी बांधाला बारीक जाळीचं कुंपण केलं, आणि तीन नंबर त्यानंतर त्या रोगानं गेलेला नाही.

लसूण वाईट, असं म्हणत नाही. मी अजूनही घालतो, कोळंबी खाद्यावर बरी येते असं मला वाटतं. घालायचा तर ठेचून दहा मिनिटं उघडा ठेव. त्यातलं जे तिखट, ॲलिसिन, ते ठेचल्यावरच तयार होतं. गरम पाण्यात टाकलास तर होणारच नाही. मग बाइंडर (लसूण खाद्याला चिकटवणारी पूड) किंवा अंड्याचा पांढरा लावून खाद्य अर्धा तास सावलीत सुकव, नाहीतर सगळा लसूण पाण्यात धुऊन जाईल आणि तलावाला फोडणीचा वास येईल.

पण एकाच तलावाला घाल. दुसरा तसाच ठेव. आठवड्याला दोन्हींचं वजन कर आणि वहीत लिही. दोन्हीकडे घातलंस तर माझ्यासारखं होईल.

शिरगावची मासोळी

काकांचं पटलं. मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले, म्हणून थोडी भर घालते.

दादा, कोळंबीला आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात. त्यामुळे लस टोचली आणि वर्षभर निर्धास्त, हे तिच्या बाबतीत जमत नाही. तिच्या रक्तातल्या पेशी जंतूला गिळतात, घेरतात, त्याच्याभोवती काळा थर चढवतात. वनस्पतींचे अर्क ही यंत्रणा चेतवतात, काही थेट जंतूवरही चालतात. हे थोतांड नाही. तमिळनाडूतल्या संशोधकांनी २० वनस्पती व्हाइट स्पॉटवर तपासल्या होत्या. त्यांतल्या पाच जोरात निघाल्या: बेल, हरळी, घाणेरी, कारलं आणि भुईआवळा. २००८ मध्ये त्यांनी हरळीचा अर्क दोन टक्के प्रमाणात खाद्यातून टायगरला दिला. ती तगली, साध्या खाद्यावरची मेली.

पण ते मोजूनमापून काढलेलं, ज्यात काय आहे हे माहीत असलेलं. मिक्सरमधला हिरवा रस म्हणजे तो अर्क नव्हे. तुमच्या ३२ किलोला दोन टक्के म्हणजे रोज ६४० ग्रॅम सुका अर्क. वाळल्या गवतातून दहा टक्के निघाला असं धरलं तरी रोज साडेसहा किलो वाळली हरळी हवी. गणपतीला २१ दुर्वांत भागतं, इथे अख्खा बांध सोलावा लागेल.

आणि दुसरं म्हणजे हा अर्क त्यांनी व्हाइट स्पॉटवर तपासला होता, ईएचपीवर नाही. तुमच्या वर्णनातली लहानमोठी कोळंबी, थांबलेली वाढ, पांढरे दोरे आणि कमी मरतूक हे सगळं ईएचपीकडे बोट दाखवतंय. तो विषाणू नाही, बुरशीच्या जवळचा परजीवी आहे, आणि कोळंबीच्या यकृताच्या पेशींत घर करून बसतो. एकच कॅन विषाणू, जिवाणू आणि हा, तिन्हींवर चालतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, तीन वेगळ्या कुलपांना तुझी एकच किल्ली कशी लागते?

पैसे घालवायचेच तर पीसीआरवर, म्हणजे नेमका जंतू ओळखणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीवर, घालवा. सात-आठ कोळंबींचं यकृत ९५ टक्के अल्कोहोलमध्ये घालून पाठवा, ते पांढरे दोरेही चालतात.

भीमवरम मुक्काम

मूळचा डहाणूचा, सध्या आंध्रात तलावांवर टेक्निशियन. इथे हर्बलचे कॅन दुकानात मजल्यावर मजला रचलेले असतात. माझा एकच नियम: जे 'हर्बल' तीन दिवसांत झटका दाखवतं त्याला मी घाबरतो. त्यात कोणी अँटिबायोटिक मिसळलं असेल तर क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरानचा अंश कोळंबीत सापडतो, माल परत येतो, आणि तेव्हा कॅनवाला फोन उचलत नाही. कोस्टल ॲक्वाकल्चर अथॉरिटीचं अँटिबायोटिकमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मागा. नुसतं लेबलवर पान छापलेलं असलं तर सोडून द्या.

बाकी वनस्पतीवर माझा राग नाही. तलावात पाणी घेतल्यावर नको ते मासे मारायला आपण चहाच्या बियांची पेंड टाकतोच की! त्यातलं सॅपोनिन माशांना मारतं आणि त्याच मात्रेत कोळंबीला काही करत नाही. ते काय करतं, किती टाकायचं, कशावर चालत नाही, हे सगळं ठरलेलं आहे. अकरा वनस्पतींच्या त्या कॅनबद्दल यातलं एक तरी कोणी सांगितलं का?

आत्ता लगेच: खाद्य निम्मं करा, दोरे जाळीनं काढून टाका, ते दुसऱ्या कोळंबीनं खाल्ले की रोग फिरतो. पाण्यात हवा घालणारं पॅडल व्हील रात्रभर चालू ठेवा.

खाजणातला (सफाळे)

सगळ्यांचे आभार. रिपोर्ट आला. ईएचपी पॉझिटिव्ह, दोन्ही तलाव. व्हाइट स्पॉट निगेटिव्ह.

कॅनवाल्याला प्रमाणपत्र मागितलं, तो म्हणाला व्हॉट्सॲप करतो. पाच दिवस झाले. खाद्य निम्म्यावर आणलंय, दोरे कमी दिसतात. काकांचं ऐकून दोन नंबरला लसूण सुरू केलाय, एक नंबर तसाच. पहिल्या आठवड्याचं वजन: एक नंबर ५.६ ग्रॅम, दोन नंबर ५.७. बाबा हा ०.१ सगळ्यांना सांगत सुटलेत.

पावसाआधी मिळेल त्या काऊंटला (किलोत जितक्या बसतील तितक्या) काढून टाकेन. पण बी तर रिपोर्ट बघून घेतलं होतं, मग ईएचपी आला कुठून? आणि पुढच्या वेळी काय करू?

शिरगावची मासोळी

रिपोर्टमध्ये ईएचपी होता की नुसता व्हाइट स्पॉट, ते बघा. पुष्कळ ठिकाणी तेवढंच तपासतात. नाहीतर गेल्या पिकाचे बीजाणू तळाच्या चिखलात असतील. त्यांना साधं ब्लीचिंग पुरत नाही. तलाव पूर्ण सुकवा, मग हेक्टरी ६ टन कळीचा चुना तळाच्या मातीत १०-१२ सेंटिमीटर खोल नांगरून मिसळा, माती ओली करा आणि आठवडाभर तशीच ठेवा. सामू (पीएच) १२ पर्यंत चढला पाहिजे. तुमच्या एका तलावाला ३ टन लागेल.

पेणचा म्हातारा

चुना ओला करताना वारा पाठीवर घेऊन उभा राहा आणि डोळ्यांना चष्मा लाव. माझ्या गड्याचा डोळा दोन दिवस उघडत नव्हता. आणि तलाव सुकला की खाडीकडच्या बांधावरून एकदा बिळं शोधत फिर.