पोल्ट्रीधारक आरोग्य-सुरक्षेच्या अभ्यासाला नकार का देतात?

शेडपाहणी: ब्रॉयलर शेडमधली धूळ, अमोनिया आणि कामगारांची फुप्फुसं यांवर पाहणी आखतोय. उत्तरं दोनच मिळतात: ‘बॅच (एकावेळी वाढवलेले पक्षी) चालू आहे, आत येऊ नका’ आणि ‘आमच्याकडे कुणाला त्रास नाही’. यामागे नेमकं काय असतं? मापन कसं केलं तर त्यांना पटेल?

पक्षीवैद्य: पहिलं उत्तर सबब समजू नका. एका फार्मवरून दुसऱ्यावर जाताना तुमच्या बुटांवरून, धूळ मोजायच्या पंपाच्या पट्ट्यावरून रोग जाऊ शकतो. दिवसाला एकच फार्म घ्या, तिथलेच गमबूट घाला, लहान पक्ष्यांच्या शेडमधून मोठ्यांकडे जा. हे आधीच लेखी द्या.

दुसरं उत्तरही मनापासूनचं असतं. नाक अमोनियाला लवकर सरावतं, मग वास येईनासा होतो. शिवाय ज्यांची छाती भरते ते काम सोडून जातात आणि उरलेले धडधाकट दिसतात. म्हणून काम सोडलेल्यांनाही विचारा, नाहीतर तुमचा अभ्यासही ‘त्रास नाही’ असंच सांगेल.

धूळमापक: शेडच्या मध्यावर यंत्र टांगू नका. माणूस तिथे उभा नसतो, हा पोल्ट्रीधारकांचा आक्षेप रास्त आहे. हवा ओढणारा पंप कामगाराच्या कमरेला, धूळ धरणारा फिल्टर कॉलरला, नाकातोंडापासून 30 सेंमीच्या आत. एकूण धुळीसाठी प्रवाह मिनिटाला 2 लिटर ठेवा आणि काम संपल्यावर पुन्हा तपासा. फिल्टर चोंदला की प्रवाह घटतो आणि सगळा हिशेब चुकतो.

वेळ निवडणं तर याहून महत्त्वाचं. धूळ उसळते पक्षी पकडताना आणि खत काढताना, अमोनिया साठतो थंडीत पडदे बंद असताना. फुंकर-चाचणी (यंत्रात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी) त्याच दिवशी कामाआधी आणि कामानंतर घ्या.

अमोनियासाठी 25 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 25 भाग) या नेहमीच्या मर्यादेवर थांबू नका. डॉनहॅम आणि सहकाऱ्यांनी 2000 साली पोल्ट्री कामगारांसाठी 12 पीपीएम आणि एकूण धूळ 2.4 मिग्रॅ प्रति घनमीटर अशी मर्यादा सुचवली होती. धूळ आणि अमोनिया एकत्र असले की फुप्फुसांवरचा मार वाढतो.

शेडपाहणी: प्रश्नावलीत ‘मास्क वापरता का?’ आहे. पुरेसं आहे?

धूळमापक: नाही. कोणता मास्क, कोणत्या कामाला, किती वेळ, हे विचारा. एन95 धूळ अडवतो, अमोनिया नाही. अमोनियासाठी त्याचं कार्ट्रिज (वायू शोषणारी डबी) बसवलेला वेगळा मास्क लागतो. दाढी असेल तर कडेने हवा शिरतेच. आणि मालक शेजारी उभा असताना विचारू नका, सगळेच ‘हो’ म्हणतील.

पक्षीवैद्य: आकडे पक्षी पाळायचा करार करणाऱ्या कंपनीकडे जातील ही भीती मोठी असते. कुणाला काय दिसेल ते संमतिपत्रात स्पष्ट लिहा. आणि मोजलेला अमोनिया त्याच बॅचमध्ये पोल्ट्रीधारकाला कळवा. पाण्याचं निपल गळतंय, खाली अंथरलेलं तूस ओलं होऊन थापा धरतंय, म्हणून अमोनिया वाढतोय, हे जागा दाखवून सांगा. अमोनियानेच पक्ष्यांचे डोळे जळतात, वजन घटतं. त्यामुळे निपलची दुरुस्ती तो लगेच करतो आणि कामगाराच्या छातीलाही तीच सुधारलेली हवा मिळते.