अनुभव धागा: कोकणात पहिले घर घेताना तुम्ही काय पाहिले?

पंचविशी-पस्तिशीतील अनेक जण अलीकडे कोकणात स्वतःचे पहिले घर घेत आहेत. जाहिरातींत समुद्राचे दर्शन ठळक असते. बाराही महिने राहणाऱ्याला मात्र पाऊस, खारा वारा, मे महिन्यातील पाणी आणि सातबाऱ्यावरची नावे यांचाच विचार आधी करावा लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे. सुट्टीपुरते घर घेणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असल्यामुळे या धाग्यात केवळ राहत्या घराविषयी लिहावे. घर पाहताना नेमके काय तपासले, कशावरून होकार दिला आणि कशावरून पाय मागे घेतला, हे सविस्तर यावे, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

रत्नागिरी, महाविद्यालयात नोकरी

आम्ही दोघांनी सदनिका मुद्दाम भर पावसात पाहिल्या. दिवाळीनंतर नवा रंग दिलेली भिंत काहीच सांगत नाही. आषाढात मात्र पश्चिमेची झड सोसणारी भिंत सारे उघड करते. एका इमारतीत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून रंगाला फुगे आले होते आणि बोट लावताच पापुद्रा सुटून आत ओला गिलावा दिसला. वरचा छज्जा जेमतेम वीतभर बाहेर आला होता. ते घर आम्ही सोडले. पुढे जे घेतले, त्याचे छज्जे रुंद आहेत, खिडक्या ॲल्युमिनियमच्या आहेत आणि कपडे वाळत घालण्यासाठी पावसापासून आडोसा असलेली मागची गॅलरी आहे. कोकणात चार महिने कपडे कुठे वाळणार, हा प्रश्न दिवाणखान्याच्या मापापेक्षा मोठा आहे. रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणून दिल्यास बांधकाम व्यावसायिकाने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. त्यामुळे ताबापत्रावरील तारीख आणि पहिल्या पावसाळ्यातील गळतीची छायाचित्रे जपून ठेवावीत.

चिपळूण, बँकेत नोकरी

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. त्यानंतर कोणत्याही घराविषयी माझा पहिला प्रश्न एकच असतो: पाणी कुठवर आले होते? दलाल बहुधा ‘या बाजूला फारसे नव्हते’ असे सांगतात, म्हणून मी समोरच्या किराणा दुकानदारांना विचारले. त्यांनी काही न बोलता दुकानातील वरच्या फळीवर हात ठेवला. शहरासाठी आखलेल्या पूररेषाही मी पाहिल्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, एवढे समजले तरी नकाशा वाचता येतो. मात्र रेषेच्या बाहेर असणे मला पुरेसे वाटले नाही. विजेचे मीटर तळमजल्यावर कमरेच्या उंचीला बसवले आहेत की वर नेले आहेत, पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकी पुरात बुडाली तर ती स्वच्छ होईपर्यंत काय सोय आहे आणि माणसे अडकली तर गच्चीचा दरवाजा उघडा मिळतो का, हे मी विचारले. ज्या सोसायटीने पुरानंतर स्वखर्चाने मीटर वर हलवले होते, तिथे दुसऱ्या मजल्यावर घर घेतले. गाड्यांसाठी उंचावर जागा नाही, ही त्यातील उणीव अजून आहे.

श्रीवर्धन तालुका, पर्यटकांसाठी घरगुती निवास चालवतो

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या आळीतील माड आणि पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली आणि स्लॅबवर गळती थांबवण्यासाठी घातलेले पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले. म्हणून घर निवडताना मी आधी वर पाहिले: पत्रा कशाला बांधला आहे, खालचे पाइप गंजले आहेत का आणि घरावर झुकलेला माड कोणाच्या हद्दीत उभा आहे. चिऱ्याची भिंत आणि कौलांचे छप्पर मला आजही सर्वांत सोयीचे वाटते, कारण चार कौले गेली तर ती माझी मी बदलू शकतो.

किनाऱ्याजवळची जागा पाहणाऱ्यांनी भरतीरेषेचा हिशेब जरूर करावा. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत विरळ वस्तीच्या ग्रामीण भागासाठी उच्चतम भरतीरेषेपासून २०० मीटरचा बांधकामबंदीचा पट्टा आहे. जुने घर विकत मिळते, पण पुढे खोली वाढवायची म्हटले की हा पट्टा आडवा येतो. खाडीकाठच्या जागेलाही नियम आहेत, हे अनेकांच्या गावी नसते.

मालवण, शिक्षिका, एकटी राहते

माझ्या गरजा थोड्या होत्या: एसटी स्थानक आणि बाजार चालत जाण्याच्या अंतरावर असावा, रात्री रस्त्यावर दिवा असावा आणि शेजारी कायम वस्तीला असावेत. समुद्राकडील एका देखण्या इमारतीत संध्याकाळी गेले, तर बहुतेक खिडक्या अंधाऱ्या होत्या. मालक मुंबईला असतात, असे कळले. ते घर मी घेतले नाही. महिलेच्या नावावर राहती जागा घेताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तिचा मला चांगला उपयोग झाला.

कुडाळ, संगणक क्षेत्रात, घरून काम

आमच्या मूळ घराच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या भावंडांपासूनची नावे आहेत आणि निम्मे सहहिस्सेदार मुंबईत आहेत. घरावर माझा जीव आहे, पण वाटप झाल्याशिवाय त्यावर कर्ज मिळत नाही आणि डागडुजीसाठीही सर्वांचा होकार लागतो. त्यामुळे मी बिनशेती जागेतील छोटे स्वतंत्र घर पाहिले. घरापर्यंत जाणारा गाडीरस्ता शेजाऱ्यांच्या सौजन्याने वापरात आहे की खरेदीखतात आणि नकाशात आहे, हे वकिलांकडून तपासून घेतले. ‘इथून सगळेच जातात’ हे उत्तर मी मान्य केले नाही.

विहीर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पाहावी. मी वाकून पाहिले तेव्हा तळाचा कातळ दिसत होता, तरी पंपाचा फूटव्हॉल्व, म्हणजे पाणी खेचणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप, बुडालेला होता आणि मालकीणबाईंनी सकाळी उपसल्यावर संध्याकाळपर्यंत पाणी पुन्हा किती चढते, ते दगडावरच्या ओल्या खुणेवरून दाखवले. त्या खुणेनेच माझा निर्णय झाला. इंटरनेटसाठी कामाचा एक पूर्ण दिवस त्याच घराच्या पडवीत बसून काढला. पावसात फांदी पडून केबल तुटते, म्हणून दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या आणि इन्व्हर्टरचा खर्च घराच्या किमतीतच धरला.

दापोली, दोघेही नोकरदार, सोबत आई

वर रत्नागिरीच्या सरांनी रेराचा उल्लेख केला आहे, त्याला एक जोड देतो. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर प्रकल्पाच्या नोंदणीची सक्ती नसते. आपल्याकडच्या लहान शहरांतील कितीतरी इमारती यातच बसतात. आम्हाला आवडलेली इमारतही तशीच होती, त्यामुळे मंजूर नकाशा, बिनशेती आदेश आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) आम्ही स्वतः मागून पाहिले. पैशांचेही आधी मांडून घेतले: तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या कमाल नव्वद टक्के देऊ शकते, पण मुद्रांक आणि नोंदणी सहसा त्या किमतीत धरत नाहीत, ती रक्कम हाताशी हवी. आईच्या गुडघ्यांमुळे तळमजला हवा होता आणि जागा उतारावर असल्याने चिपळूणच्या ताईंना असलेली पुराची भीती आम्हाला नव्हती. न्हाणीघराचा उंबरठा काढून देण्याचे मालकांनी लेखी मान्य केले आणि बँकेच्या वकिलांचा मालकीहक्क तपासणारा शोध अहवाल हाती आल्यावरच आम्ही विसार दिला.