मुलांना वगळून मुलींची कोवळ्या वयातली बाळंतपणे थांबतील का?

निवृत्त परिचारिका, पाचपावली

काल एका ज्येष्ठ गृहस्थांनी येथे लिहिले की, किशोरवयीन गर्भधारणा टाळण्यासाठी तरुण मुलांमध्ये कोणते कार्यक्रम उपयोगी पडतात याच्या संशोधनावर सरकारने पैसा घालणे ही उधळपट्टी आहे; असले चोचले अमेरिकेला परवडतात, आपण तोच पैसा मुलींच्या वसतिगृहांना आणि एसटीच्या पासला द्यावा. ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या, आणि देशाचा आकडा ६.८ होता. त्याच सर्वेक्षणात देशभर स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुष नसबंदीचे ०.३. हे दोन आकडे शेजारी ठेवले की जबाबदारी कोणाच्या अंगावर टाकली आहे ते कळते.

माझी सारी नोकरी प्रसूती कक्षात गेली. एका पावसाळ्यात सतरा वर्षांची मुलगी बाळंत झाली. तिचा नवरा बावीसचा असेल. तीन दिवस तो व्हरांड्यात थर्मास आणि कपड्यांची पिशवी घेऊन उभा होता. केसपेपरवर त्याचे नाव होते, पण त्याच्याशी कोणी एक शब्द बोलले नाही. तांबीबद्दलचे समुपदेशन तिचे झाले, तेही ती ग्लानीत असताना. घरी जाताना जिन्यात त्याने मला खालच्या आवाजात विचारले, "सिस्टर, दुसरं लवकर होऊ नये म्हणून मी काय करू?" मी "डॉक्टरांना विचारा" म्हणाले आणि पुढे गेले, कारण पुरुषाशी हे कसे बोलायचे हे मला कोणी शिकवलेच नव्हते. ते शिकवायचे असेल तर आधी कोणी तरी शोधून काढावे लागेल, आणि त्यालाच संशोधन म्हणतात.

माजी मुख्याध्यापक, काटोल रोड

ते वाक्य माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. ताई, तुमच्या प्रसंगातली मुलगी विवाहित होती. आपल्याकडे या वयातली बहुतेक बाळंतपणे लग्नानंतरची असतात आणि लग्नाची तारीख त्या बावीस वर्षांच्या मुलाने ठरवलेली नसते, ती दोन बापांनी ठरवलेली असते. माझ्या शाळेत संध्याकाळची एसटी बंद झाली, त्या वर्षी दहावीनंतर अकरा मुलींनी तालुक्याच्या कॉलेजात नाव घातले नाही आणि त्यांपैकी चौघींची लग्ने पुढच्या उन्हाळ्यात लागली. बस सुरू राहिली असती तर काय झाले असते, हे समजायला कोणत्या संशोधनाची गरज आहे?

सरकारी माणूस पुरुषाकडे संततीनियमन घेऊन जातो तेव्हा काय होते तेही मी पाहिले आहे. १९७६ मध्ये मी नवा शिक्षक होतो. नसबंदीच्या केसेस आणा, नाही तर पगार अडेल, असा तोंडी आदेश होता. मी एका शेतमजुराला तीनदा समजवायला गेलो. चौथ्यांदा त्याच्या बायकोने मला पाहताच दार लावून घेतले. त्या वर्षी देशात सुमारे ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली. तुमचे ते ०.३ टक्के कुठून आले याचे उत्तर त्या बंद दारात आहे.

संशोधक विद्यार्थिनी, अंबाझरी

सर, आणीबाणीचा तुमचा अनुभव संशोधनाच्या बाजूनेच बोलतो, कारण तेव्हा पुरुषांना काय वाटते हे कोणी विचारलेच नव्हते. फक्त उद्दिष्टे दिली होती.

अमेरिकेचे म्हणाल, तर तिथे किशोरवयीन गर्भधारणा टाळण्यासाठी २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने वर्ग चालवायला जसा पैसा दिला तसा त्या वर्गांची काटेकोर तपासणी करायलाही दिला, आणि कितीतरी कार्यक्रमांचा काहीच परिणाम होत नाही असे त्यातून निघाले. निष्फळ गोष्ट कळणे हा तोटा नाही, पुढचा पैसा वाचतो. २०१७ मध्ये तिथल्या सरकारने ही अनुदाने मुदतीआधी थांबवायला घेतली, तेव्हा २०१८ मध्ये न्यायालयांनी ते बेकायदा ठरवले. वॉशिंग्टनमध्ये तरुण मुलांसाठी जो कार्यक्रम तपासला गेला त्याचे मूळ ब्राझीलमध्ये आहे, आणि त्याच मुळातून निघालेला 'यारी दोस्ती' हा तरुण मुलांसाठीचा कार्यक्रम त्याआधीच मुंबईच्या वस्त्यांत होऊन गेला होता. तिथे मुलांमध्ये निरोधचा वापर वाढला. मग याला अमेरिकेचे चोचले कसे म्हणायचे?

आपल्या विदर्भातच गडचिरोलीच्या ३९ गावांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले, आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या तेच काम करतात. त्या अभ्यासालाही उधळपट्टी म्हणायचे का?

वकील, सिव्हिल लाइन्स

तुम्ही सगळे कायदा विसरता आहात. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आत संमतीला अर्थ नाही, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पवयीन पत्नीचा नवराही सुटत नाही. डॉक्टरने कळवले नाही तर तो गुन्हा ठरतो, म्हणून मुली दवाखान्यातच येत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या प्रकरणांत मुलीच्या आणि पालकाच्या विनंतीवरून पोलिसांकडे तिची ओळख उघड न करण्याची मुभा दिली, पण ती तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत पोहोचलेली मला दिसत नाही. मागच्या वर्षी एक आई मुलाची बारावीची गुणपत्रिका प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्याकडे आली. मुलगा एकोणीसचा, मुलगी साडेसतराची. आठ महिन्यांनी जामीन झाला. अशा वातावरणात कोणता मुलगा तुमच्या संशोधकाला खरे उत्तर देईल?

माजी मुख्याध्यापक

हे मला मुळीच मान्य नाही. आज साडेसतरा म्हणाल, उद्या चौदा म्हणाल. मुलीचे आयुष्य गेले आणि तुम्हाला मुलाची गुणपत्रिका आठवते?

वकील

मला दोघांचीही आठवते, सर. त्या मुलीनेच न्यायालयात रडत सांगितले होते की, याला सोडा. आपण तिच्या वतीने बोलताना निदान तिचे म्हणणे तरी ऐकायला हवे. वय चौदावर आणा असे मी कुठेही लिहिलेले नाही, ते शब्द मागे घ्या.

निवृत्त परिचारिका

चौदाचे शब्द सरांनी मागे घ्यावेत हे खरे, पण वकीलसाहेब, तुमच्याच मुद्द्यातून माझे म्हणणे निघते. मुलाला कायदा माहीत होतो तो पोलीस ठाण्यात. त्याआधी तो त्याला कोणी, कुठे आणि कोणत्या शब्दांत सांगितला तर पटतो, हे आपल्याला ठाऊक नाही.

आशा कार्यकर्ती, हिंगणा तालुका

कामातून वेळ काढून लिहिते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे आणि तो १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी, दोघांसाठी आहे. माझ्या पिशवीत मुलींसाठी सॅनिटरी पॅड असतात. मुलाला द्यायला माझ्याजवळ काय आहे? निरोधची पेटी उपकेंद्राच्या भिंतीवर, आणि समोरच्या ओट्यावर गावातल्या चार बाया भाज्या निवडत बसलेल्या. मी गावची सून. जो मला काकू म्हणतो तो माझ्यासमोर त्या पेटीत हात कसा घालेल? मी दोनदा ती पेटी मागच्या भिंतीला लावायला सांगितले, तर वरून उत्तर आले की नियमात दर्शनी भाग लिहिला आहे. मुख्याध्यापक सरांचे बसचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पण बसने कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा मित्रही त्याच बसमध्ये असतो.

माजी मुख्याध्यापक

वकीलसाहेब, चौदाचे शब्द मी मागे घेतो. बाकीच्या मतावर मी अजूनही आहे तिथेच आहे, तरी आशाताईंची पेटी कोणत्या भिंतीवर असावी, एवढी साधी गोष्टसुद्धा कोणी तपासून पाहिलेली नाही, हे मला माहीत नव्हते. अशा संशोधनाला माझा विरोध राहणार नाही, मात्र दोन अटींवर. पैसा मुलींच्या वसतिगृहाच्या तरतुदीतून वळवू नये, आणि मुलांकडे उद्दिष्टांचा कागद घेऊन कोणी जाऊ नये. हिवाळी अधिवेशनात आमच्या आमदारांना निवेदन द्यायचे असेल तर या दोन्ही अटी त्यात लिहा, मग मी सही करीन.

संशोधक विद्यार्थिनी

दोन्ही लिहिते, सर. आशाताई, तुमच्या गावातून सुरुवात करायची झाली तर मुलांना कुठे भेटावे?

आशा कार्यकर्ती

दुपारी येऊ नका, कोणी सापडणार नाही. मोठी पोरे कंपनीच्या बसमधून साडेसातला फाट्यावर उतरतात आणि पानठेल्यावर अर्धा तास थांबतात. शक्यतो एखाद्या पुरुष सहकाऱ्याला सोबत आणा, आणि मी तुमच्यासोबत येणार नाही, मी असले तर ती तोंड उघडणार नाहीत.